शिडी, परांची आणि "पोरांना सवय आहे"

कर्वेनगरी

आमच्या सोसायटीचं बाहेरचं रंगकाम यंदा दिवाळीआधी उरकायचं आहे. सात मजली इमारत. दरपत्रकं आली, सभा झाली. रंग कुठल्या कंपनीचा, हात किती, गळतीची हमी किती वर्षांची यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. माणसं सातव्या मजल्याच्या भिंतीपर्यंत पोचणार कशी, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर सगळ्यात कमी दर दिलेल्या ठेकेदाराने सांगितलं, "झुल्यावरून करतो मॅडम, पोरांना सवय आहे." झुला म्हणजे गच्चीवरून दोरांनी खाली सोडलेली बसायची फळी. सभेला ते पटलं आणि पुढचा विषय सुरू झाला.

मला ते पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

सवयीने काय होतं? माणूस वर चढतो, काम करतो, सुखरूप उतरतो. पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. मध्ये एखाद्या दिवशी शिडी जरा सरकते आणि थांबते. त्या दिवशी खरं तर दैवाने वाचवलेलं असतं, पण मन म्हणतं, बघ, काही झालं नाही. अशाने भीती कमी होत जाते, धोका मात्र जिथल्या तिथे राहतो. तीन मीटरवरून, म्हणजे साध्या घराच्या छताएवढ्या उंचीवरून पडायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. एवढ्या वेळात सवय कुणाच्या मदतीला येणार?

माझा खरा मुद्दा दुसराच आहे. धोका पत्करायचा की नाही हे ठरवतो एक आणि पडतो दुसरा. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी कुणीही त्या फळीवर बसणार नाही. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करायचा हक्क ज्याचा त्याला असेल. पण चौरस फुटामागे चार रुपये वाचतात म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा धोका आपण मंजूर करतो, हे मला सहन होत नाही.

तुमच्या सोसायट्यांनी काय केलं? करारात काय लिहून घेतलं? घरातल्या शिड्या-स्टुलांबद्दलही लिहा, तिथेही हेच चालतं.

---

रंगाऱ्याचा_मुलगा

ताई, बरं झालं विषय काढलात. वडील आयुष्यभर रंगकाम करत होते, मीही शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यांच्याबरोबर पुट्टी घासली आहे. सोसायटीतल्या लोकांना नेहमी वाटतं की कामगारच बेल्ट घालत नाहीत, आडमुठे असतात. ते बेल्ट का घालत नाहीत, ते सांगतो.

पहिलं कारण पैसा. काम बहुतेक वेळा चौरस फुटावर असतं. झुला एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात न्यायचा, गाठी सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, यात जाणाऱ्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. बेल्टचा दोर वेगळा बांधायचा तर तेवढा वेळ आणखी गेला. रोजावर काम असेल तर हीच माणसं निवांतपणे दोन गाठी जास्त मारतात.

दुसरं, हूक लावायचा कुठे? हे कुणी सांगत नाही. बेल्ट देतात, "घाल" म्हणतात. गच्चीवर गेलं की कठड्याची चार इंची भिंत, पाण्याचा पाइप आणि डिशचा खांब. यातलं काहीही माणसाचा झटका पेलणारं नाही. मग पोरं बेल्टचा हूक झुल्याच्याच दोराला अडकवतात. झुल्याचा दोर तुटला तर बेल्टही त्याच्याबरोबरच खाली येणार. फळीचे दोर वेगळे आणि माणसाचा दोर वेगळा, वर बांधायची जागाही वेगळी. एवढं पाळलं नाही तर बेल्ट फक्त फोटोसाठी.

तिसरं, दोर. नायलॉनचा दोर उन्हात पडून पडून कडक होतो, वरून पांढुरका भुगा सुटायला लागतो. असा दोर दिसायला जाड असला तरी त्याचा भरवसा नाही. आणि दोर तुटतो तो बहुधा मध्ये तुटत नाही. कठड्याच्या कडेवर घासून घासून तिथे तुटतो. वडील त्या कडेवर जाड गोणपाटाची घडी किंवा टायरचा तुकडा ठेवल्याशिवाय झुला सोडू द्यायचे नाहीत. रोज सकाळी अख्खा दोर हातातून सरकवून बघायचे. त्यात वेळ जातो म्हणून मुकादमाची बोलणीही खायचे.

आणि चौथं, सगळ्यात अवघड. नवीन पोरगा "मला दोर नीट वाटत नाही" म्हणाला की बाकीचे त्याला भित्रा म्हणतात आणि मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणतो. पोटासाठी गावाकडून आलेला पोरगा दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. त्याला सवय झालेली नसते, त्याला गप्प बसवलेलं असतं.

---

ब_विंग_सचिव

थोडं दुसऱ्या बाजूनेही बघा. सोसायटीचं काम ठेकेदाराला दिलं की सुरक्षेची जबाबदारी त्याची. तसं करारात लिहिलेलं असतं. समितीवर आम्ही नोकरी-धंदा सांभाळून बिनपगारी काम करतो. आम्ही दोर तपासत बसायचे का? आणि परांचीचा खर्च काढला की तेच सभासद वर्गणी वाढली म्हणून भांडतात. ज्येष्ठ नागरिकांना पेन्शनमधून हे पैसे भरायचे असतात, त्यांनाही आम्हीच तोंड देतो.

---

वकील_शिवाजीनगर

सचिवसाहेब, कागदावरच्या त्या कलमाने फार तर नुकसानभरपाईचे पैसे कुणी द्यायचे हे ठरेल. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, आणि फौजदारी जबाबदारी करार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. धोकादायक पद्धत दिसत असताना, सभेत त्यावर प्रश्न विचारला गेला असताना तीच मंजूर केली, हे इतिवृत्तात येतं. तपास अधिकारी इतिवृत्त मागतातच.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो कायदा झाला, तोही दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कामांपुरता होता. म्हणजे दोन माणसं येऊन एक विंग रंगवतात, एसी बसवतात, टाकी धुतात, त्यांच्यासाठी काम देणाऱ्याने लक्ष घातलं नाही तर दुसरं कुणी घालत नाही. ठेकेदाराकडे कामगारांच्या अपघाताची विमा पॉलिसी आहे का, ती तुमच्या कामाच्या तारखांना चालू आहे का आणि तिच्यात उंचीवरचं काम धरलं आहे का, हे मूळ कागद मागून बघा.

---

चाकणचा_सेफ्टीवाला

कारखान्यांत सुरक्षेचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

कर्वेनगरी यांनी सवयीबद्दल लिहिलं ते आमच्या क्षेत्रात चांगलंच अभ्यासलेलं आहे. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. त्याच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या आधीच्या उड्डाणांतही जळालेल्या, झिजलेल्या सापडल्या होत्या. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आलं, म्हणून एवढी झीज चालते असं हळूहळू ठरत गेलं. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी यावर मोठा अभ्यास केला. तिथे एवढे शिकलेले इंजिनिअर होते, तरी हे झालं. झुल्यावरच्या पोराला एकट्याला दोष देऊ नका.

आता उंचीवरच्या कामाचा क्रम. आधी विचारायचं, वर चढल्याशिवाय काम होईल का? होत नसेल तर पडताच येणार नाही अशी जागा बांधायची, म्हणजे परांची, तिला फळ्या, कठडा आणि पायाशी पट्टी. तेही शक्य नसेल तर पडल्यावर अडवणारा बेल्ट. आपल्याकडे क्रम उलटा झालाय, बेल्टपासून सुरुवात होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

बेल्टबद्दल एक गैरसमज काढतो. कमरेचा पट्टा पडण्यापासून वाचवण्यासाठी नाही. झटक्याने पोट आणि कणा दुखावतो, माणूस त्यातून निसटूही शकतो. खांदे-मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा, आय. एस. ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्यावा. आणि हिशोब करा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उसवली की आणखी १.७५ मीटरपर्यंत, हुकाच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळी जागा. बेरीज सहा मीटर, म्हणजे दोन मजले! पायाशी हूक लावून पहिल्या मजल्यावर काम करणारा माणूस दोरी ताणली जायच्या आत जमिनीवर असतो. म्हणून हूक डोक्याच्या वर आणि दोरी जितकी आखूड तितकी चांगली. बेल्टमध्ये लटकलेल्या माणसाला वर किंवा खाली घ्यायचं कसं, हेही आधी ठरलेलं हवं. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघणं ही योजना होत नाही.

शिडीचं सांगायचं तर ती चार फूट उंचीला एक फूट बाहेर. बारा फुटांवर टेकली असेल तर पाया भिंतीपासून तीन फुटांवर. टेप नसेल तर शिडीच्या पायांशी बोटं टेकवून सरळ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे दांड्यावर आले की कोन बरोबर. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर मीटरभर निघालेली हवी आणि बांधलेली हवी. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम शिडीवर, म्हणजे डबा हातात घेऊन चढायचं नाही, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायचा. पोटाचं बटण शिडीच्या दोन बाजूंच्या आत राहिलं पाहिजे. अजून हातभरच रंगवायचं राहिलंय म्हणून बाजूला झुकतात, तिथेच पडतात. खाली उतरून शिडी सरकवायला दोन मिनिटं लागतात.

ब्रिटनमध्ये एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल तर शिडी वापरू नका असं तिथली सरकारी सुरक्षा यंत्रणा सांगते. आपल्याकडे शिडीवर दिवस काढतात.

आणि पत्रे. भोसरी, चाकण, रांजणगाव, सगळीकडे शेडवरचे सिमेंटचे जुने पत्रे. पावसाळ्यापूर्वी गळती काढायला कुणीतरी वर जातो. पत्रा वरून पक्का दिसतो आणि पाय ठेवला की काचेसारखा फुटतो. त्यात उजेडासाठी घातलेले पारदर्शक पत्रे धुळीने काळवंडून बाकीच्यांसारखेच दिसतात. पत्र्यावर थेट पाय द्यायचाच नाही, कैच्यांवर आडव्या पडतील अशा फळ्या टाकूनच चालायचं आणि खाली जाळी. बोल्टांच्या ओळीवरून चाललं की चालतं असं जुने लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. पाय एकदा घसरला की पुरे.

---

सह्यभटक्या

तैलबैला, लिंगाणा, ड्यूक्स नोज या सह्याद्रीतल्या कड्यांवर दोराने जाणारे आमच्यात बरेच. तिथला रिवाज सांगतो, कारण तो इथे लागू पडतो.

कड्यावर दोन वेगळ्या ठिकाणी अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार असतो. खाली निघायच्या आधी जोडीदार तुमची गाठ, हार्नेसचं बकल, कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू हात लावून तपासतो, आणि तुम्ही त्याचं. वीस वर्षं चढणाऱ्याचीही तपासणी पहिल्यांदा आलेल्या कॉलेजच्या पोरीने करायची. कुणाला अपमान वाटत नाही. "मला भीती वाटते" असं कुणी म्हणालं तर लीडर थांबतो, कारण ती भीती बऱ्याचदा काहीतरी बरोबर बघत असते.

रंगाऱ्याच्या मुलाने चौथं कारण लिहिलंय ते वाचून फार वाईट वाटलं. आम्ही छंद म्हणून जिवाला जपतो, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला जपायची परवानगी नाही.

एक विनंती, पुण्यात एवढ्या गिर्यारोहण संस्था आहेत. सोसायटीच्या कामाआधी रंगाऱ्यांना एक सकाळ गाठी आणि अँकर शिकवायला यायला आमच्यातले बरेच जण तयार होतील. त्या सकाळचा रोज मात्र सोसायटीने भरावा.

---

मीनामावशी

मी घरातलं लिहिते. दसरा-दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळा आवरायचा कार्यक्रम असतो. पितळेचे डबे, फराळाचा मोठा झारा, जुन्या सतरंज्या. आणि चढायला काय, तर प्लॅस्टिकचं स्टूल, नाहीतर पलंगावर खुर्ची. बाईमाणूस एका हाताने साडी सावरत दुसऱ्या हाताने जड डबा उतरवते. खाली कुणी नसतं, कारण सगळे कामावर गेलेले.

सेफ्टीवाले दादा म्हणतात तसं आधी विचारायचं, चढायलाच हवं का? आम्ही वर्षातून एकदा-दोनदा लागणारं तेवढंच माळ्यावर ठेवतो, तेही हलकं. जड सगळं ओट्याखाली आणलं. जळमटांना लांब दांड्याचा झाडू, खाली उभं राहून. पंखा पुसायलाही लांब दांड्याचं वाकडं ब्रश मिळतं. आकाशकंदिलासाठी गॅलरीत एक कप्पी कायमची बसवून घेतली, दोरीने वर सोडायचा आणि खाली घ्यायचा. कठड्यावर पाय देऊन कंदील लावणारे दर दिवाळीला दिसतात, पोटात गोळा येतो माझ्या.

चढावंच लागलं तर घरात पाय पसरणारा चांगला घोडा घ्यावा, वर धरायला दांडी असलेला. बोहरी आळीत सगळे प्रकार मिळतात. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. ओल्या फरशीवर लावायचा नाही, खालचे रबरी बूट झिजले की बदलायचे. आणि घरात दुसरं माणूस असतानाच चढायचं.

---

डॉ_मणका

मीनामावशींच्या शेवटच्या वाक्याखाली माझी सही धरा.

उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडते. तो "फक्त टाच दुखते" म्हणतो. पण तोच झटका वर कण्यापर्यंत गेलेला असतो, म्हणून टाच मोडली असेल तर कंबरेचा कणाही तपासून घ्यायचा. आपल्याकडे पडलेल्याला चार जण मिळून लगेच उठवून बसवतात, पाणी पाजतात, रिक्षात दुमडून बसवतात. मोडलेला मणका अशाने मज्जारज्जूला दाबतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. तो जिथे आहे तिथे राहू द्या, मान धरून ठेवा, १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर गोष्ट वेगळी, मग छातीवर दाब द्यायला थांबायचं नाही.

साठी ओलांडलेल्या काकांसाठी खास. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि स्टुलावरून पडून डोकं आपटलं, तर जखम नसली आणि बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. आत हळूहळू रक्त साचतं, लक्षणं नंतर दिसतात. निवृत्त झाल्यावर वेळ मिळतो, अंगात उत्साह असतो, प्लंबर-इलेक्ट्रिशियनला कशाला बोलवायचं म्हणून गच्चीच्या टाकीवर चढणारे हेच असतात. मनाचं वय चाळीस असलं तरी तोल सांभाळणारे स्नायू सत्तरीचे असतात.

---

नारायणपेठी

२०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विम्याचं संरक्षण जाहीर केलं. चांगलंच झालं. पण त्याच चौकात हंडीची दोरी बांधायला, नंतर गणपतीचा मांडव घालायला बांबूवर अनवाणी चढणारा माणूस कुणाच्या खिजगणतीत नाही. आमच्या मंडळात हा विषय मांडणार आहे. मांडववाल्याच्या बिलात त्याच्या माणसांच्या विम्याची ओळ असलीच पाहिजे.

---

कर्वेनगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून समितीला दिला. सचिवसाहेब, तुमचं म्हणणं आमच्याही सचिवांनी शब्दशः मांडलं, पण वकिलांचा प्रतिसाद वाचल्यावर ते विचारात पडले.

खर्चाबद्दल. परांचीच्या दरपत्रकातला फरक घरटी वाटला तर एका महिन्याच्या देखभाल वर्गणीएवढाही येत नाही. हे सभेत आधी कुणी मांडलंच नव्हतं, कारण एकूण आकडा बघूनच सगळे घाबरले होते. ज्यांना एकदम देणं जड जाईल त्यांना हप्ते करून द्यायचं ठरतंय.

एक शंका. मागच्या बाजूला गल्ली अरुंद आहे, परांची बसत नाही, तिथे झुलाच लागणार. मग गच्चीवर दोर बांधायचा कुठे?

---

आरसीसी_कोथरूड

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. विटांच्या कठड्याला, टाकीच्या पाइपला, लिफ्टच्या खोलीच्या दाराला, डिशच्या खांबाला कधीही नाही. अमेरिकेत एका माणसाच्या अँकरला ५,००० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन टन ताण सोसला पाहिजे असा नियम आहे. माणूस ऐंशी किलोचा असला तरी पडतानाचा झटका कितीतरी पट असतो, म्हणून एवढा मोठा आकडा.

गच्चीवर कॉलमची टोकं वर आलेली असतात किंवा टाकीखालचे कॉलम असतात. ठणठणीत असतील, सळया फुगून काँक्रीट सुटलेलं नसेल, तर त्यांना वेढा घालून दोर घेता येतो. त्याहून बरं म्हणजे इंजिनिअरकडून जागा ठरवून स्लॅब-बीममध्ये कायमच्या स्टेनलेस स्टीलच्या कड्या केमिकल अँकरने, म्हणजे भोकात चिकटवणारं रसायन भरून बसवून घ्या आणि ओढून तपासून घ्या. एकदा खर्च केला की पुढची बरीच वर्षं रंगारी, प्लंबर, काच पुसणारे सगळ्यांना उपयोग.

आणि छज्जे. पुण्यातल्या जुन्या इमारतींचे छज्जे पावसाने आतून गंजलेत. एसीवाले आउटडोअर युनिटसाठी बिनधास्त त्यावर उतरतात. छज्जा हा ऊन-पाऊस अडवायला असतो, माणूस आणि यंत्र पेलायला नसतो.

---

बावधनची_निशा

आजच वाचलं. उद्या आमच्याकडे नवव्या मजल्यावर कबुतरांची जाळी बसवायला माणसं येणार आहेत. मागच्या वेळी शेजाऱ्यांकडचा मुलगा गॅलरीच्या कठड्यावर उभा राहून बाहेर वाकून ड्रिल मारत होता. मी त्यांना नेमकं काय विचारू? त्यांना अपमान वाटू नये असंही वाटतं.

---

रंगाऱ्याचा_मुलगा

निशाताई, आजच फोन करा, उद्या दारात आल्यावर नको. तेव्हा त्यांचा दिवस मोडतो आणि ते तसंच उरकायला बघतात. विचारा, हार्नेस आणि वेगळा दोर आणणार का? आणणार नसतील तर तारीख पुढे ढकला आणि हार्नेसवाल्या माणसांचे जास्तीचे पैसे द्यायची तयारी दाखवा. दोर गॅलरीच्या रेलिंगला बांधू देऊ नका. आतल्या खोलीत कॉलम उघडा असेल तर त्याला वेढा घाला, किंवा वर गच्चीवरून सोडा, आरसीसींनी सांगितलंय तसं. ड्रिललाही दोरी बांधायला सांगा आणि खालची जागा वॉचमनकडून अडवून घ्या, नवव्या मजल्यावरून पडलेला साधा बिटही जीव घेतो.

जाळी आतल्या बाजूने हूक मारून बसते का, हेही विचारा. बऱ्याच गॅलऱ्यांना बसते, जरा कमी देखणी दिसते एवढंच. मग बाहेर वाकायलाच लागत नाही.

अपमान वाटायचं म्हणाल तर आल्यावर पाणी विचारा आणि सांगा, "घाई नाही, संध्याकाळपर्यंत लागले तरी चालेल." आमच्या माणसांना हे फार कमी ऐकायला मिळतं.

---

बावधनची_निशा

फोन केला. जाळी आतून बसते म्हणाले. हूक दीडपट लागतील आणि चारशे रुपये जास्त होतील. हो म्हटलं.